घामाचा रकाना

चौदा नंबरच्या नळीच्या तोंडाशी थेंब जमायला एकेचाळीस सेकंद लागले. आधी लोखंडी कडेवर नुसती चकाकी आली. मग ती खाली ओघळली, फुगली, थरथरली आणि सुटली. केतकीनं घड्याळाचं बटण दाबलं, वहीत आकडा लिहिला आणि पुन्हा बटण दाबलं. दुसरा थेंब अठ्ठावन्न सेकंदांनी पडला. तिसऱ्यासाठी ती पाच मिनिटं उकिडवी बसून राहिली. तो आला नाही.

कासारखोरे धरणाच्या पोटात, अगदी पायालगत, साडेचारशे मीटर लांबीचा एक बोगदा आहे. सगळे त्याला गॅलरी म्हणतात. पायातल्या खडकात खोल गेलेल्या बासष्ट नळ्यांची तोंडं या गॅलरीत उघडतात. लहानपणी वडिलांचं बोट धरून ती इथे यायची तेव्हा याच चौदा नंबरखाली पाय धुवायची. पाणी असं गार, की घोटे दुखायचे. आज बासष्टच्या बासष्ट नळ्या कोरड्या होत्या. गॅलरीच्या गटारात धूळ होती. बाहेर मार्गशीर्षाचं स्वच्छ ऊन होतं आणि जलाशय काठोकाठ भरलेला होता.

"उठा मॅडम, गुडघे धरतील," मागून इलाही शिकलगार म्हणाले. गॅलरीतल्या नोंदी ठेवणारे ते शेवटचे कर्मचारी. केतकीच्या वडिलांच्या हाताखाली तयार झालेले. "जावयांनी हीपण गिळली म्हणायची."

"गिळली."

"चार माणसांत मॅडम म्हणतो, पण आता कुणी नाही म्हणून विचारतो. केतूताई, आपण आणखी किती दिवस नुसतं मोजायचं?"

केतकीनं वही उघडली. छत्तीस दिवसांपूर्वी तिनं एका पानाच्या तळाशी लिहिलं होतं: 'पाणी सोडावं लागेल?' त्यानंतर रोजच्या पानावर तेच वाक्य होतं, त्याच प्रश्नचिन्हासकट. आजच्या पानावरही तिनं ते लिहिलं आणि वही मिटली.

*

त्यांचं सरकारी नाव लांबलचक होतं. जवाच्या दाण्याएवढे आणि जवाच्याच आकाराचे म्हणून कामगार त्यांना जव म्हणू लागले आणि महिनाभरात शिकलगारांनी जवाचे जावई केले. "खातात, हिंडतात, आणि त्यांना कुणी काही सांगू शकत नाही," असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. साठ हजार जावई होते. धरण जुनं, दगडी. पन्नाससाठ वर्षांत दगडांमधला चुना पाण्यानं झिजून आत बारीक वाटा तयार झाल्या होत्या. माणसाचा हात तिथे पोचत नाही. जावई पोचत.

एकेक जावई अगदी मंद बुद्धीचा होता. धरण म्हणजे काय, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. प्रत्येकाकडे फक्त तीन नियम होते. पहिला: ओल लागेल तिकडे जा, तिथली फट जबड्यानं खरवडून साफ कर आणि पोटातला लगदा भर. दुसरा: कुणी आधी ताजा लगदा भरलेला दिसला तर त्याला लागून पुढे भर. आणि तिसरा नियम: आपल्या जवळच्या सात जणांपैकी पाच जण जे सांगतील तेच खरं मान. वाळवीचं वारूळ असंच उभं राहतं. कुठल्याही वाळवीच्या डोक्यात नकाशा नसतो. शेजारणीनं ठेवलेल्या मातीच्या कणाशेजारी ती आपला कण ठेवते, इतकंच.

तिसरा नियम केतकीनं घातला होता. एखादा जावई बिघडला आणि भलतंच सांगू लागला तर बाकीच्यांनी त्याच्यामागे जाऊ नये म्हणून. त्या नियमाबद्दल तिचं फार कौतुक झालं होतं. कार्यालयाच्या भिंतीवर एक पितळी पट्टी होती: 'गळतीत सत्त्याण्णव टक्के घट.'

ती पट्टी लावल्यानंतर काही महिन्यांनी तिच्या लक्षात आलं की जलाशयाची पातळी तीन मीटरनं वाढली, पण पायातल्या दाबमापकांचे काटे जागचे हलले नाहीत. सगळे जण म्हणाले, छान, स्थिर आहेत. तिला मात्र ते मेलेल्या माणसाच्या नाडीसारखे स्थिर वाटले. दाबमापकांची टोकंसुद्धा ओलीच असतात. जावयांनी तीही बुजवली होती.

तेव्हा तिनं गॅलरीतून 'थांबा' असा संदेश सोडला. दगडातून बिनतारी लहरी फार आत जात नाहीत. संदेश एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला असाच पोचायचा. भिंतीलगतचे दोनेक हजार जावई थांबले. त्यांच्या पलीकडच्यांना सातांतले दोनच शेजारी 'थांबा' म्हणताना ऐकू आले आणि पाच जण 'काम चालू' म्हणताना. त्यांनी पाचांचं ऐकलं. सव्वा तासानं जे थांबले होते तेही पुन्हा हलू लागले. केतकी पडद्यावर पाहत होती. दोन हजार स्थिर ठिपके कडेकडून विरघळत गेले. तिनं संदेश अकरा वेळा पाठवला.

मग तिनं लगद्याची टाकी बंद केली. पोटात भरायला काही नसलं तर बुजवतील कशानं? त्याला आज नऊ दिवस झाले होते. तरीही चौदा नंबर आटला होता.

*

केतकीचे वडील, आबा, अजून जुन्या कॉलनीतच राहत होते, धरणाच्या पायथ्यापासून सहाशे मीटरवर, नदीच्या काठाला. यशवंत साळवी, गॅलरी निरीक्षक, छत्तीस वर्षं नोकरी. निवृत्तीनंतरही त्यांनी ते घर सोडलं नव्हतं. ती गेली तेव्हा ते पडवीत पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. तिनं चपला काढल्या, समोर बसली आणि सुपातल्या मूठभर शेंगा आपल्या ओंजळीत घेतल्या. सहा वर्षांत त्या दोघांनी धरणाबद्दल एक शब्दही काढला नव्हता.

"चौदा नंबर आटला, आबा."

त्यांचा हात थांबला. "कधी?"

"आज सकाळी. शेवटचा थेंब मी मोजला."

"मोजलास." ते शेंगेकडे बघत म्हणाले. "मोजायला येतं तुम्हाला, त्यात वाद नाही."

तिनं एक शेंग सोलली.

"दोन हजार तीनच्या दुष्काळात तलावात गुडघाभर गाळ उरला होता," आबा म्हणाले. "बुडालेल्या गावाचं देऊळ उघडं पडलं होतं. तेव्हासुद्धा चौदा नंबर करंगळीएवढा वाहत होता. माझ्या रजिस्टरात होतं. घामाच्या रकान्यात."

तिला हा शब्द येणार हे माहीत होतं. जुन्या रजिस्टरांत तीन रकाने असत: गळती, घाम, शेरा. भिंतीतून, फटींतून येईल ती गळती. नळ्यांतून येईल तो घाम. सहा वर्षांपूर्वी जावयांना शिकवण्यासाठी तिनं चाळीस वर्षांच्या नोंदी संगणकात भरून घेतल्या, तेव्हा घामाचा रकाना गळतीत मिळवून टाकला. घाम हा काही शास्त्रातला शब्द नव्हता. आकडे दोन्हीकडे लिटरमध्येच होते. रजिस्टरं रद्दीत गेली. बेरजा तेवढ्या उरल्या. कुठल्या नळीतून किती येत होतं हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

"दोन्ही पाणीच होतं, आबा."

"छपरातनं येतं तेही पाणीच, मोरीतनं जातं तेही पाणीच. एक बुजवलं तर घर वाचतं, दुसरं बुजवलं तर घरात तळं होतं." त्यांनी सोललेले दाणे वाटीत टाकले. "तू याच घरात वाढलीस, केतू. रोज संध्याकाळी मी आलो की तुझी आई विचारायची, आज घाम कसा होता? तुला कधी वाटलं का, की ती माझ्या सदऱ्याबद्दल विचारतेय?"

केतकीच्या हातातली शेंग तशीच राहिली. यातलं शास्त्र तिला तोंडपाठ होतं, ती ते शिकवतही असे. दगडी धरण केवळ आपल्या वजनावर उभं असतं. भरलेला जलाशय त्याला पुढे ढकलतो आणि ते आपल्या भाराच्या जोरावर जागेला धरून राहतं. पण थोडं पाणी पायाखालच्या खडकात शिरतंच आणि खालून वर रेटतं. रिकामी बादली पाण्यात दाबली की ती हाताला वर ढकलते, तसंच. जेवढा हा रेटा, तेवढं धरण हलकं. नळ्या त्या पाण्याला वाट देतात, म्हणजे रेटा साचत नाही. आता बासष्ट वाटा बंद होत्या आणि वर जलाशय भरलेला होता. धरण किती हलकं झालंय हे सांगणारे काटेही बंद होते.

"हे सगळं कळतं मला," ती म्हणाली. "पण पुरावा नाही. पाणी सोडायचं तर सगळं सोडावं लागेल. म्हणजे जूनपर्यंत खाली थेंब नाही. शहरासकट अकरा तालुके. आणि माझं चुकलेलं असलं तर?"

"म्हणून किती दिवस थांबलीस?"

"छत्तीस."

आबा उठले. खुंटीवरची टोपी घेतली, आणि कोपऱ्यातून हातभर लांबीची एक लोखंडी सळई काढली. तिच्या एका टोकाला लाकडी गोळा बसवलेला होता. "चल," ते म्हणाले. "पायऱ्या दोनशे बाराच आहेत ना अजून, की त्यापण सुधारल्या?"

*

"या साहेब, या!" शिकलगारांनी दारातच आबांचे हात धरले. "बघा तुमच्या धरणाला काय झालंय. एवढं कोरडं, की पापड वाळत घालावेत."

"तू काय करत होतास रे इलाही?"

"शेरा लिहीत होतो. रकाना तेवढाच उरलाय."

गॅलरीत आबा हळूहळू चालले. कोरड्या नळ्यांपाशी ते थांबले नाहीत. मधेमधे सळईचं टोक दगडांमधल्या सांध्यावर टेकवायचे, लाकडी गोळ्याला कान लावायचे. भिंतीआड पाणी कुठे वाहतंय हे जुनी माणसं अशीच हुडकायची. चार ठिकाणी त्यांनी मान हलवून नकार दिला. भिंतीच्या नवव्या भागापाशी ते बराच वेळ उभे राहिले.

"इथे कधी पाणी होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," केतकी म्हणाली. "नववा भाग पहिल्यापासून कोरडा. इथे जावई यायचं कारणच नाही."

त्यांनी सळई तिच्या हातात दिली.

आधी तिला स्वतःच्या रक्ताचाच आवाज आला. मग त्याखाली दुसरा: चर, चर, चर. बारीक, एकसारखा, न थांबणारा. एक असता तर ऐकूही आला नसता. हजारो होते. जुन्या तुळईला कान लावला की वाळवीचा येतो, तसा.

"पाण्याचा नाही हा आवाज," आबा म्हणाले. "मला हा ओळखता येत नाही. तुला येतो."

तिला आला. तिनं खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि सांध्यातल्या चुन्यावर टेकवला. जोर लावावाच लागला नाही. तो पिठात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. तिनं बाहेर काढून मोजपट्टी लावली: एकोणीस सेंटिमीटर. सांध्यातून बारीक पांढरी भुकटी तिच्या बुटांवर सांडत राहिली.

ती भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. मग बोलली, तेव्हा तिचा आवाज वर्गात शिकवताना असतो तसा सपाट होता.

"त्यांना नियम एवढाच होता, की ओली फट भरा. कशानं भरा, हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण टाकी होती. मी टाकी बंद केली. फट साफ करायला जबडे दिलेलेच आहेत. एखाद्याच्या पोटात खरवडलेला चुना गेला असेल, त्यानं तो ओल्या जागी टाकला असेल. शेजाऱ्यानं बघितलं आणि त्याच्यापुढे भरला. सातांपैकी पाच जण करायला लागले की तोच नियम." तिनं बुटांकडे पाहिलं. "ओलीजवळचा चुना संपला, म्हणून आता कोरड्या जागचा चुना काढून ओल्या जागी भरतायत. नऊ दिवस. धरण आतून पोकळ करतायत, आबा, आणि तो चुना नेऊन त्याच्या घामाची भोकं बुजवतायत. मी टाकी बंद केली म्हणून."

 आबांनी भिंतीला टेकलेली सळई उचलली.

"टाकी उघडली परत तर?" शिकलगारांनी विचारलं.

"चुना खायचा थांबेल कदाचित. पण नळ्या बुजलेल्याच राहतील. नवीन भोक पाडलं तर पाणी आलं की त्यातही शिरतील. त्यांना थांबवणारी गोष्ट एकच आहे. ओल नसली की ते थांबतात."

"आणि ओल कधी नसते?" आबांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

*

दुपारी चार वाजता गॅलरीच्या तोंडाशी असलेल्या खोलीत तिनं बैठक जोडली. पडद्यावर सात चौकटी उघडल्या. मधल्या चौकटीत मुख्य अभियंता राजोपाध्ये होते. तिनं एकोणीस सेंटिमीटर सांगितले, सांध्याचं चित्र दाखवलं, सळईपाशी फोन धरून टिपलेला आवाज ऐकवला.

"केतकीबाई, तुमच्याबद्दल आदर आहेच," राजोपाध्ये म्हणाले. "पण दाबमापक काय म्हणतात?"

"ते बुजलेत, सर."

"म्हणजे दाब वाढल्याचा आकडा नाही."

"तो दाखवणारं काही शिल्लक नाही."

"तेच म्हणतोय मी. सत्त्याण्णव टक्के गळती कमी झालेलं धरण रिकामं करायचं, कारण एका निवृत्त गृहस्थांनी भिंतीला कान लावला. लोकांना काय सांगू? आठ दिवस द्या. समिती नेमू, ती पाहणी करेल. बाकीच्यांचं काय मत?"

पहिली चौकट म्हणाली, समिती योग्य राहील. दुसरी म्हणाली, वरिष्ठांशी सहमत. तिसरीनं मान हलवली. चौथी आधी थोडी घुटमळली, "म्हणजे, बाईंच्या म्हणण्यातही तथ्य असू शकेल," असं म्हणाली, मग इतर चौकटींकडे बघितलं आणि समितीवर आली. केतकी नकळत मोजत होती. राजोपाध्ये धरून पाच झाले, तेव्हा तिचं बोट टेबलावर थांबलं. उरलेल्या दोघांचं तिनं ऐकलं नाही. ते काय म्हणणार हे तिला माहीत होतं. तो नियम तिनंच लिहिला होता.

"ठरलं तर," राजोपाध्ये म्हणाले. चौकटी एकेक करून विझल्या.

शिकलगारांनी चहाचा कप तिच्यासमोर सरकवला. कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उमटत होती. तिघांनीही ती पाहिली. टेबलाला कुणाचा हात लागलेला नव्हता.

"आबा, तुम्ही टेकडीवरच्या शाळेत चला," ती म्हणाली. "आत्ता. इलाहीमामा गाडी काढतील. कॉलनीतल्यांनाही सांगतील. मी काहीतरी बघते."

"काय बघतेस?"

"वरून दबाव आणते. मंत्रालयात एक ओळखीचे..."

"मी नाही जात." आबा खुर्चीत नीट बसले. "आणि मी सांगून कॉलनीतलंही कुणी हलणार नाही. भोंगा दर सोमवारी चाचणी म्हणून वाजतो, त्याला आता कुत्रंसुद्धा कान हलवत नाही. आमच्या वेळी पाणी सोडायच्या आधी धरणावरचा माणूस स्वतः बोलायचा. तो बोलला की बाया चुलीवरचा तवासुद्धा तसाच टाकून उठायच्या. यंत्राला नाही, माणसाच्या आवाजाला उठायच्या." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "तू बोललीस तर मी चढेन. नाहीतर घरी जातो, पावटा तसाच पडलाय."

भिंतीवर लाल पेटीत जुना ध्वनिक्षेपक होता. धरणाच्या नियमावलीत अजून एक कलम होतं, कुणी वापरत नव्हतं म्हणून कुणी काढलंही नव्हतं. धोका समोर दिसत असेल तर धरणावर हजर असलेला कार्यकारी अभियंता, म्हणजे आज तीच, कुणाचीही परवानगी न घेता पाणी सोडू शकतो. आदेश तोंडी द्यायचा: नाव, हुद्दा, कारण. लिहून चालत नाही. तो दरवाजांच्या नियंत्रण कक्षात आणि नदीकाठच्या एकवीस गावांतल्या कर्ण्यांवर एकाच वेळी ऐकू जातो. परत घेता येत नाही.

केतकीनं खिशातली वही काढून टेबलावर ठेवली. आजचं पान उघडून त्या वाक्याकडे पाहिलं. अकरा तालुके. जूनपर्यंत. चूक असली तर सगळा जन्म लोक तिचं नाव हंड्यांच्या रांगांत उभं राहून घेतील. चूक नसली तर नाव घ्यायला खाली कुणी उरणार नाही.

चहावरची वर्तुळं थांबली. मग पुन्हा सुरू झाली, आता जरा मोठी.

तिनं लाल पेटी उघडली. बटण दाबल्यावर खूप दूर, कॉलनीच्या बाजूला, कर्ण्याची खरखर उठली आणि शांत झाली. एकवीस गावं ऐकत होती. शिकलगारांनी हातातला कप खाली ठेवला. आबा उभे राहिले.

"मी केतकी यशवंत साळवी," ती म्हणाली. पहिल्या दोन शब्दांना आवाज कापला, पुढे कापला नाही. "कार्यकारी अभियंता, कासारखोरे. कारण: धरणाचा घाम बंद झाला आहे. वरचे सगळे दरवाजे आणि तळमोऱ्या उघडा. नदीकाठच्या सगळ्यांनी हातातलं काम टाकून वर चढा. मी धरण रिकामं करते आहे."